दोरसानीच्या बंगल्याचा बंदोबस्त

आमच्या बंगळूरच्या मामांइतका सुखी माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि त्यांच्या सुखाचं कारण एकच होतं. त्यांना सगळीकडे धोका दिसत असे. धोका दिसला की तुमची-माझी झोप उडते. मामांची झोप धोका दिसेनासा झाला की उडायची. अमुक गावात चोरी नाही, मारामारी नाही, साप नाही, विहिरीलासुद्धा कठडा आहे, असं कुणी सांगितलं तर ते त्या गावाबद्दल कायमचे साशंक होत. "इतकं सरळ कसं असेल, जावईबापू? स्वल्प खोलात जाऊन बघायला पाहिजे," असं म्हणत आणि खरोखरच खोलात जाऊन बघत. तिथे एखादी सैल वीट, एखादी कुजकी खिडकी सापडली, की त्यांचा चेहरा खुलायचा आणि त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवायचे.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. तिचे पूर्वज कुठल्याशा मराठा सरदाराच्या फौजेबरोबर कर्नाटकात आले, फौज परत गेली आणि हे मात्र इथली कॉफी पीत मागे राहिले, असं मी तिला चिडवत असे. मी पडलो साताऱ्याचा. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून बंगळूरला आलो ते दिवस पन्नासच्या पुढचे, सगळीकडे नवे कारखाने उठत होते. हुंडा घ्यायचा नाही हे मी लग्नाआधी ठणकावून सांगितलं होतं, पण मामा नाकारायची सोय नव्हती. ते लग्नाच्या मांडवातच माझ्या वाट्याला आले. म्हैसूर संस्थानच्या पोलिसात जमादार म्हणून ते निवृत्त झालेले होते, मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. चामराजपेटेत एकटे राहत आणि रविवारी आमच्याकडे मल्लेश्वरमला जेवायला येत. उंचीने बेताचे, मिशा मात्र उंचीला न शोभणाऱ्या. त्या मिशा ते दर रविवारी माझ्या घराचे कोयंडे तपासताना ओढत असत.

त्यांच्याबरोबर हॉटेलात जाणं हा एक सोहळा असे. दाराकडे पाठ करून ते कधी बसले नाहीत. आम्ही दोसा खायला गेलो की आधी मामा आत शिरत, टेबलं न्याहाळत, मग स्वयंपाकघरात जाऊन मागचं दार कुठे उघडतं ते बघून येत. "आत जाऊन काय बघता?" असं मी एकदा विचारलं. "उद्या पुढनं कोणी आलं तर?" म्हणाले. कोण येणार, कशाला येणार, मसाला दोसा खाणाऱ्या चार माणसांवर कुणाचा डोळा असणार, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आचारी त्यांना इतका सरावला होता की ते आत आले की न विचारता त्यांच्या हातावर चटणीचा नमुना ठेवी, आणि मामा तो पाहणीचाच भाग समजून चाटून पुसून संपवत. मग सगळ्यांना उठवून, फिरवून, त्यांच्या मनासारखं बसवून होईपर्यंत दोसे गार होत आणि मी हटकून हात धुवायच्या बेसिनशेजारी आलेला असे.

आणि त्यांच्या घराची कुलपं! फाटकाला एक, व्हरांड्याला एक, मुख्य दाराला एक. एकाच चोराच्या हाती सगळ्या किल्ल्या लागू नयेत म्हणून त्यांनी त्या नातेवाइकांत वाटून टाकल्या होत्या. एक बसवनगुडीतल्या बहिणीकडे, एक चिकपेटेतल्या चुलतभावाकडे, एक आमच्याकडे. एकदा ते म्हैसूरहून संध्याकाळच्या गाडीने परतले. बहिणीकडे किल्ली मागायला गेले तर तिने कॉफी केली. चुलतभावाने जेवल्याशिवाय सोडलं नाही. आमच्याकडे पोचेपर्यंत बस बंद झाल्या, तेव्हा ते आमच्याकडेच झोपले. सकाळी घरी गेले तर कळलं की भावाने चुकून आपल्याच दुकानाची किल्ली दिली होती. त्या दिवशी दुकान उघडलं नाही आणि घरही उघडलं नाही. मामा मात्र मला अभिमानाने म्हणाले, "बघितलास? मालकाला आत जाता येत नाही, तिथे चोर काय करणार!"

अशा माणसाला निवृत्तीनंतर नोकरी मिळाली ती मात्र अगदी त्याच्या मापाची. एका जर्मन कंपनीने राजाजीनगरात शिवणयंत्राच्या सुया करायचा कारखाना काढला. परक्या देशात पैसा घालायचा, आपली माणसं पाठवायची, तर तिथली जोखीम ओळखणारा कुणी तरी जाणता स्थानिक माणूस हवा, असं त्यांच्या तिकडच्या मुख्य कचेरीने कळवलं. मुलाखतीला बरेच जण आले. साहेबाने प्रत्येकाला विचारलं, या शहरात आम्हाला कसला धोका आहे? सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, काही नाही सर, बंगळूर फार शांत गाव. मामांची पाळी आली. मामा खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसले आणि बोलू लागले. संप, आग, चोर, चोराला फितूर झालेला पहारेकरी, सुयांची कृती पळवणारा दुसरा कारखानदार, साप, पिसाळलेला कुत्रा, नळाचं पाणी, विहिरीचं पाणी, पाणी मुळीच नसणं. साहेब पांढराच होता, तो आणखी पांढरा झाला. नेमणूक तिथल्या तिथे झाली. पुढे मुख्य कचेरीने परमुलखातल्या धोक्यांविषयी एक छापील पुस्तिका पाठवली ती मामांनी एका बैठकीत वाचली आणि नाराज झाले. "ह्या लोकांनी वाळवी धरलीच नाही!" म्हणाले.

कारखान्यात त्यांचं राज्य सुरू झालं. सुई ही वस्तू इतकी लहान की ती कुठेही लपते, म्हणून मामांनी कुठूनसा एक अगडबंब लोहचुंबक पैदा केला आणि फाटकाशी टांगला. सुटी झाली की प्रत्येकाने त्याच्या अगदी जवळून जायचं. सुई एकदाही सापडली नाही. चपलांचे खिळे सापडले, छत्र्या सापडल्या, फोरमनच्या खिशातली तपकिरीची डबी खिशासकट चिकटली. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून साहेबालाही मामांनी त्याच वाटेने नेलं, तेव्हा त्याच्या पँटच्या पट्ट्यांचे चाप चुंबकाला असे बसले की साहेबाला तिथेच उभा ठेवून दोघा फिटरना बोलवावं लागलं. दुसऱ्या कुणाची नोकरी गेली असती. साहेबाने मामांचा पगार वाढवला. हा माणूस मलाही सोडत नाही, तर दुसऱ्याला काय सोडणार, असा त्याने हिशेब केला.

पण मामांच्या कर्तबगारीचा कळस म्हणजे साहेबाचा बंगला. बाकीचे गोरे लोक दंडू भागात, म्हणजे जुन्या लष्करी छावणीकडे राहत. हा साहेब कारखान्याला जवळ म्हणून मल्लेश्वरमला, आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे राहिला. साहेबाची बायको तरुण होती. गोऱ्या बाईला तिकडे दोरसानी म्हणतात. आमच्या सगळ्या पेठेने तिचं तेच नाव ठेवलं. मामांनी भिंत वाढवली, भिंतीवर काचा लावल्या, फाटकाशी पहारेकरी बसवला आणि एक राक्षसी कुत्रा आणला. कुत्रा जगातल्या सगळ्या माणसांशी गोडीने वागे आणि फक्त मामांवर भुंके. दूधवाल्याने गाय दारात आणून समोर दूध काढायचं आणि पहिलं माप स्वतः पिऊन दाखवायचं, असा हुकूम निघाला. दूधवाल्याने तो आनंदाने पाळला. वर्षभरात तो असा गुटगुटीत झाला की त्याच्या बायकोने मामांना घरी बोलावून नारळ दिला.

फाटकावर मात्र हसण्यासारखं सगळंच नव्हतं. फुलवाली आली, परत पाठवली. शेजारच्या म्हाताऱ्या अक्का वरमहालक्ष्मीच्या दिवशी कुंकू आणि ओटीचा नारळ घेऊन आल्या, त्यांनाही मामांच्या पहारेकऱ्याने विचारलं, आत जायची चिठ्ठी आहे का? अक्का "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि वळल्या. गौरीला दुसरी कुणी आली, संक्रांतीला तिसरी कुणी तिळगुळासारखा त्यांच्याकडचा एळ्ळू घेऊन आली. परक्याच्या हातचं खाणं आत जायचं नाही हा मामांचा नियमच होता. मग कुणी जायचं सोडलं. दोरसानीला काही तरी असाध्य रोग आहे असं एक मत होतं, ती तिकडच्या राजाची पळालेली मुलगी आहे असं दुसरं. मामांना दोन्ही मतं आवडत, कारण दोन्हींमुळे लोक लांब राहत.

अशी दोन-अडीच वर्षं गेली असतील. नवरात्रातल्या एका रविवारी मामा आले ते कोयंडे न तपासता आत आले आणि दाराकडे पाठ करून खुर्चीत बसले. आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने ते पाहिलं आणि हातातली पळी घेऊन तशीच उभी राहिली. "मामा, बरं नाही का?"

"साहेब जातोय," मामा म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोरसानीने नवऱ्याला सांगितलं होतं, मी दसरा झाल्यावर माझ्या घरी जाते, परत येणार नाही. साहेबाचा तिच्यावर जीव. ती गेली तर तोही जाणार. मुख्य कचेरी तर वाटच पाहत होती. इतक्या लांबचा कारखाना त्यांना जड झाला होता, साहेबाच्या हट्टावर चालला होता. साहेब गेला की कारखान्याला कुलूप आणि तिथल्या सगळ्या माणसांच्या चुली बंद. साहेबाने मामांना खोलीत बोलावून हे सांगितलं. रागावून नव्हे. "कॅप्टन," तो मामांना कॅप्टन म्हणे, "तुम्ही मला सगळ्या धोक्यांपासून वाचवलंत. पण माझ्या बायकोच्या घरी अडीच वर्षांत एक माणूस आला नाही. हा धोका तुम्ही सांगितला नव्हता."

"मी सगळं धरलं होतं गं पोरी," मामा हिला म्हणाले. "वाळवीसुद्धा धरली होती."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्या माणसाची इतकी चेष्टा केली होती, पण त्या क्षणी मला त्यांच्याकडे बघवेना.

"आणि त्यात तिनं बाहुल्या मांडल्यात," ते पुढे म्हणाले.

इथे साताऱ्या-पुण्याच्या वाचकांना सांगायला हवं की नवरात्रात तिकडे घरोघर बाहुल्या मांडतात. पायऱ्यांची उतरंड करायची, तिच्यावर देव, राजे, वाणी, शेतकरी, हत्ती-घोडे रांगेने ठेवायचे, घरच्या बाईने कुंकवाची कोयरी घेऊन शेजारपाजारी आमंत्रण द्यायचं आणि संध्याकाळी दार उघडं टाकून बसायचं. बायका येतात, पोरं येतात, बाहुल्या बघतात, एखादं गाणं म्हणतात, उसळ खातात आणि पुढच्या घरी जातात. ओळख असो नसो, बाहुल्या बघायला आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही. दोरसानीला हे तिच्या स्वयंपाकीणबाईने सांगितलं होतं. जायच्या आधी एकदा करून बघावं असं तिला वाटलं असेल. तिने पेटेच्या बाजारात जाऊन बाहुल्या आणल्या, मांडल्या आणि रोज संध्याकाळी रेशमी झगा घालून, बंगल्याचं दार उघडून ती खुर्ची टाकून बसत होती. फाटकाशी चिठ्ठी विचारणारा पहारेकरी तसाच होता, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काल मला विचारलं तिनं," मामा म्हणाले. "कॅप्टन, माझं मांडायचं काही चुकलं का म्हणून."

आमची ही तशी मामांपुढे कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. "तिचं काय चुकलं? तुमचं चुकलं, मामा! आमंत्रण कोणी दिलं? दिलं असतं तरी आत कोणी सोडलं असतं? अक्कांना दारातून परत पाठवलंत तुम्ही. कुंकू घेऊन आलेल्या बाईला!" मग तिचंच मन भरून आलं. "जेवून घ्या. मग आपण जाऊ बोलवायला."

"मी? मी बोलवायला जायचं? अय्यो, ते बायकांचं काम."

"मोडलं कोणी ते? तुम्ही. जोडायचं पण तुम्हीच."

त्या दुपारी मल्लेश्वरमच्या लोकांनी जे पाहिलं ते त्यांनी पुढे कित्येक वर्षं सांगितलं. पुढे आमची ही, तिच्या मागे छातीशी चांदीची कोयरी धरलेले निवृत्त जमादार, आणि त्यांच्या मागे दोघांच्या चपला सांभाळत मी. पहिलं घर अक्कांचं. अक्का जोत्यावर फुलं गुंफत बसल्या होत्या. त्यांनी मामांच्या मिशांकडे पाहिलं, मग कोयरीकडे पाहिलं.

"काय जमादार, आज चिठ्ठी तुम्ही आणलीत?"

मामांनी कोयरी हिच्या हातात दिली आणि दोन्ही हात जोडले. "तप्पायितु, अक्का," म्हणाले. चुकलं माझं. ज्या माणसाने साहेबालाही चुंबकाखालून नेलं, तो भर रस्त्यात हात जोडून उभा होता. "ती पोर एकटी बसलीय रोज. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नका. संध्याकाळी स्वल्प येऊन जा."

अक्कांनी सुईतला दोरा तोडला. "मी फुलं कुणासाठी करते आहे मग? हे आधी नाही का सांगायचं!" त्या उठल्याच, आणि पुढच्या घरापासून त्या आमच्या पुढे चालू लागल्या. मामा मात्र एकेका दारात थांबत, हात जोडत आणि तप्पायितु म्हणत. त्यातही खोड जाईना. दोन-तीन दारांत "किती जणं येणार? नावं?" असं त्यांच्या तोंडून निघालंच. हिने वळून पाहिलं की लगेच "नाही, नाही, सगळे या" असं म्हणून मोकळे होत.

तिथून आम्ही बंगल्यावर गेलो. दोरसानी दारातच भेटली. पांढऱ्या भुवयांची, सडपातळ, हसली की एकदम शाळकरी मुलगी वाटे. तिने बाहुल्या अगदी उंचीच्या क्रमाने उभ्या केल्या होत्या, जर्मन शिस्तीत. गणपतीशेजारी भाजीवाली, भाजीवालीशेजारी शिपाई. सगळ्यात वरच्या पायरीवर तिच्या माहेरची चिनी मातीची एक मेंढपाळीण एकटीच होती. हिने भराभर हात चालवले, देव वर घेतले, भाजीवालीला बाजार दिला, शिपायाला फाटकाशी उभा केला. वरच्या पायरीशी आल्यावर ती थांबली. "राजा-राणी कुठे आहेत?"

दोरसानीने विचारलं, ते कुठे विकत मिळतात? मी भाषांतर करत होतो. हिने सांगितलं, ते विकत घ्यायचे नसतात. रक्तचंदनाची जोडी असते. मुलीच्या लग्नात तिचं माहेर देतं, ती सासरी घेऊन जाते आणि दरवर्षी सगळ्यात वर मांडते. त्यांच्याशिवाय बाहुल्या मांडत नाहीत. मी हे इंग्रजीत सांगून टाकलं आणि सांगितल्यावर वाटलं, नसतं सांगितलं तर बरं. दोरसानी "अच्छा" म्हणाली आणि तिने मेंढपाळीण पुन्हा मधोमध ठेवली. एवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की मामा तिथे नाहीत.

मामा परतले तेव्हा उन्हं उतरली होती. रिक्षा करून चामराजपेटेला जाऊन आले होते. किल्ल्यांपायी त्यांना बसवनगुडी आणि चिकपेट दोन्हीकडे जावं लागलं असणार आणि दोन्हीकडे त्यांनी कॉफी नाकारली असणार, हेच मला त्यातलं मोठं नवल वाटलं. त्यांच्या हातात जुन्या जरीच्या खणात बांधलेलं काही तरी होतं. त्यांनी ते सोडलं. रक्तचंदनाची वीतभर उंचीची जोडी होती. राजाच्या पागोट्याची जर काळी पडली होती. राणीच्या गळ्यात खऱ्या पोवळ्यांची माळ होती. मामी गेल्यापासून ती दोघं बाहेर आली नव्हती.

आमची ही "मामा" म्हणाली आणि वाकून तिने राणीच्या गळ्यातली माळ सरळ केली. त्या बाहुल्या मामींच्या होत्या. मामींच्या आईने त्यांच्या लग्नात दिलेल्या.

मामांनी दोरसानीला आपल्या पोलिसी इंग्रजीत सांगितलं. "मॅडम, हे आईच्या घरून यायला पाहिजे. तुमच्या आईचं घर लांब. मी आईकडचा माणूस. मामा." मग त्यांनी जोडी तिच्या ओंजळीत ठेवली. "आता तुमचं माहेर बंगळूरला."

तिला किती कळलं मला माहीत नाही. तिने राजा-राणी वर मांडले, मेंढपाळीण त्यांच्या पायाशी बसवली आणि मग ती तिथेच उभी राहून रडली. मामा घाबरून माझ्याकडे बघू लागले. रडणाऱ्या बाईचा बंदोबस्त त्यांना कुणी शिकवलेला नव्हता.

दिवेलागणीला अक्का आल्या. त्यांच्यामागे अख्खा रस्ता आला. रेशमी लुगडी, परकर-पोलकी, केसांत अबोलीचे गजरे, कडेवरची पोरं, पोरांच्या हातातली पोरं. फाटक दोन्ही बाजूंनी सताड उघडं होतं आणि पहारेकरी उसळ वाटत होता. मामांनी थोडा वेळ मनाशी माणसं मोजून पाहिली, मग नाद सोडला. कुत्रा आडवा पडून पोरांकडून पोट खाजवून घेत होता. अक्कांनी दोरसानीच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली आणि म्हणाल्या, आता गाणं म्हण. इथे बाहुल्या बघणारी गाते, पण कोण गातं याचा हिशेब त्या दिवशी कुणी ठेवला नाही. ती तिच्या भाषेतलं काही तरी गायली, बहुधा अंगाई असावी, कारण अक्कांच्या मांडीवरचं नातवंड ऐकता ऐकता झोपलं. साहेब बाहेरून आला तो फाटकातच थबकला. घर ओळखता आलं नसेल त्याला. मग तो मामांजवळ येऊन शेजारी उभा राहिला. दोघांनी एकाच द्रोणातली उसळ खाल्ली. मामांनी ती आधी कुणाला चाखायला लावली नाही.

दसरा झाला. दोरसानी गेली नाही. पुढच्या महिन्यात साहेबाने नवी यंत्रं मागवली, तेव्हा कारखान्यातल्या लोकांना कळलं की आपण वाचलो. मुख्य कचेरीला मामा दरवर्षी जोखमीचा अहवाल पाठवत. त्या वर्षी त्यांनी उपायांत लिहिलं: दरवर्षी बाहुल्या मांडणे. तिकडून तपशील मागवणारं उत्तर आलं. मामांनी ते समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि शेवटी कंटाळून उसळीची कृती लिहून पाठवली. बंगल्यावर मात्र आता इतकी माणसं येऊ लागली की साहेबाला स्वतःच्या घरात बसायला जागा मिळेना, आणि हा मामांना नवा धोका वाटू लागला. ते पुन्हा खुश झाले.

कंपनीच्या नियमाप्रमाणे साहेबाची बदली झाली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, रीतसर, हार-तुऱ्यांनी. जायच्या आधी दोरसानी खणात बांधलेली जोडी घेऊन चामराजपेटेला मामांच्या घरी आली. तोवर तिला कन्नड चांगलं येत होतं. हे तुमच्या घरचं, परत घ्या, म्हणाली. मामा चिडलेच. "माहेरचं परत देतात होय? मुलगी जाईल तिथे ते जातं." त्यांनी स्वतःच्या हाताने जोडी कापसात गुंडाळली, पेटीत ठेवली, पेटीला दोरी बांधली. पण कुलूप लावलं नाही. तिकडे उघडायला त्रास नको, म्हणाले.

त्यानंतरच्या एका नवरात्राची गोष्ट. मामा आता थकले होते, कायमचे आमच्याकडेच राहायला आले होते. संध्याकाळी आमच्या घरी बाहुल्या बघणाऱ्यांची वर्दळ होती आणि मामा कोपऱ्यातल्या खुर्चीत शाल पांघरून बसले होते. बराच वेळ ते वरच्या पायरीवरच्या आमच्या राजा-राणीकडे बघत राहिले. मला खुणेने जवळ बोलावलं.

"तिकडे आता थंडी असेल ना?"

"असेल. बर्फसुद्धा पडेल लवकरच."

"म्हणजे दारं बंद असतील सगळ्यांची," मामा म्हणाले. मग अगदी हळू, "तिनं मांडलं असेल रे. बघायला कोण जात असेल?"

दारात कुणाच्या तरी पोरी आल्या होत्या, त्यांना आत घ्यायला मी उठलो.